प्रश्न कुणाचा, पैसा कुणाचा, नाव कुणाचं?

(महाविद्यालयीन शिक्षिका आणि संघटनांमधल्या कार्यकर्त्या यांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या दोन दिवसांत हिंसा, जमीन, रेशन, आरोग्य असे विषय आहेत. त्यांच्या रांगेत ‘संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव कसा तयार करावा’ हा विषय पाहून काहीजणींना वाटलं असेल, हे कॉलेजातल्या बाईंचं काम आहे, तोवर आपण चहा घेऊन येऊ. माझी विनंती अशी, की चहा इथंच मागवा आणि थांबा. पुढची दोन वर्षं कुणाचा प्रश्न विचारला जाणार, तो विचारत गावोगाव कोण फिरणार, फिरणारीच्या हातात किती पैसे पडणार आणि अहवालावर नाव कुणाचं छापलं जाणार, हे सगळं त्या प्रस्तावाच्या दहा-पंधरा पानांत ठरतं. अहवाल आल्यावर भांडून उपयोग नसतो. भांडायची जागा प्रस्ताव आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. बरेच प्रस्ताव लिहिले. काही मंजूर झाले, काही परत आले. इतरांचे प्रस्ताव वाचून मत देण्याचं कामही केलं आहे. त्या अनुभवातून बोलते आहे.

आधी थोडा इतिहास, कारण संशोधनाला मिळणारा पैसा आपल्याला कुणी आपण होऊन दिलेला नाही. १९७१ साली केंद्र सरकारनं भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४ च्या शेवटी ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल आला. १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली त्या ९३० झाल्या, हा आकडा जनगणनेच्या पुस्तकांत आधीपासून पडून होता. ‘देश पुढे चालला आहे, मग बाया कमी का होताहेत?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. याच काळात नीरा देसाईंनी एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन सुरू केलं. १९८१ साली स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद तिथंच, मुंबईत भरली आणि पुढं विद्यापीठ अनुदान आयोगाला स्त्री-अभ्यास केंद्रांसाठी पैसे काढावे लागले. चळवळीनं प्रश्न विचारला, तेव्हा पैशाचा रस्ता तयार झाला.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या वेळी सरकारी कार्यक्रमाच्या दृष्टीनं खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. गरोदर नसलेल्या बाईलाही शरीर आहे आणि ते दुखतं, ही गोष्ट एका अभ्यासानं जगापुढे ठेवली. मोठं यंत्र लागलं नाही. प्रश्न बरोबर लागला आणि गावातल्या बायकांचा विश्वास लागला.

आता आजची परिस्थिती. महाविद्यालयातल्या शिक्षकांना पूर्वी यूजीसीच्या लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांचा मोठा आधार होता. त्या रूपात तो आता राहिलेला नाही. २०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपली, तेव्हा स्त्री-अभ्यास केंद्रांच्या अनुदानाचं पुढे काय, या चिंतेनं देशभरातल्या अभ्यासकांना बोलावं लागलं. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर आहे. ती १९६९ साली स्थापन झाली. विज्ञान शाखेतल्या मैत्रिणींसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या योजना आहेत. संसार-मुलांपायी ज्यांच्या संशोधनात खंड पडला, अशा स्त्रियांसाठीही त्यांत जागा आहे. २०२३ च्या कायद्यानं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं आणि जुनं ‘सर्ब’ त्यात विलीन झालं. काही विद्यापीठं आपल्या शिक्षकांना छोटी अनुदानं देतात. योजनांची नावं आणि नियम बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षीच्या फॉर्मवर विसंबू नका. प्रत्येक वेळी नवं जाहिरातपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कितीतरी प्रस्ताव आत काय लिहिलं आहे हे कुणी वाचण्याआधीच बाद होतात. वयाची अट बसत नाही, प्राचार्यांची सही नसते, पानं जास्त होतात.

पण प्रस्ताव लिहायला बसतं कोण? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. प्राध्यापक बाई या आकड्याच्या बाहेर नाही. परीक्षेचं काम, नॅकच्या फायली, घरचा स्वयंपाक आणि सासूबाईंचं औषध सगळं आटोपल्यावर रात्री अकराला ती ‘संशोधनाची उद्दिष्टे’ लिहायला बसते. तिच्याहून अवघड स्थिती आहे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची. आपल्याकडे यांत मुलींची संख्या किती मोठी आहे, हे इथं बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. पुढच्या जूनमध्ये नोकरी असेल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून अनेक योजनांत त्यांना प्रमुख संशोधक म्हणून अर्ज करता येत नाही. मग होतं असं, की संदर्भ त्या शोधतात, मसुदा त्या लिहितात, टंकन त्याच करतात आणि नाव जातं कायम नोकरीतल्या सरांचं. माझ्या माहितीतल्या एका प्रकल्पात दोन मुलींनी सगळं क्षेत्रकाम केलं. छापील अहवालात त्यांचा उल्लेख ‘सहकार्याबद्दल आभार’ या ओळीत आला, तोही आडनावाशिवाय. म्हणून पहिली सूचना कायम नोकरीतल्या बायकांना: ज्या मुलीनं मसुदा लिहिला, तिचं नाव सह-संशोधक म्हणून घालता येतं का ते नियमात पाहा. येत नसेल तर संशोधन सहायक म्हणून तिचं पद, काम आणि मानधन प्रस्तावातच स्पष्ट लिहा. अहवालाच्या कोणत्या प्रकरणावर तिचं नाव येईल, हेही आधीच कागदावर असू द्या.

आता प्रश्नाकडे वळू. माझ्यापुढे प्रस्ताव येतात त्यांची शीर्षकं अशी असतात: ‘ग्रामीण महिलांचे सबलीकरण : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. यात ग्रामीण म्हणजे कुठलं गाव? महिला म्हणजे कुठल्या जातीच्या, कुठलं काम करणाऱ्या? सबलीकरण मोजणार कशानं? हे वाचून समितीतला माणूस दुसऱ्या पानावर जात नाही आणि मी त्याला दोष देणार नाही.

याउलट एक प्रश्न घ्या. आपल्या तालुक्याच्या आठवडी बाजारात बायका पहाटे भाजीची पाटी घेऊन येतात, संध्याकाळपर्यंत बसतात. दिवसभरात त्यांना लघवीला जायला जागा कुठे असते? नसेल, तर त्या पाणी किती पितात? उन्हाळ्यात काय करतात? पाळीच्या दिवसांत काय करतात? बाजाराची पावती त्या दर वेळी फाडतात, त्या पैशातून त्यांच्यासाठी काय होतं? हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकातून काढलेला नाही. संघटनेच्या कुठल्याही बैठकीत अर्धा तास बसलं तर तो ऐकायला मिळतो. कार्यकर्त्यांकडे असे प्रश्न ढिगानं असतात. तुमच्या वहीत लिहिलेल्या तक्रारींतून संशोधनाचा प्रश्न निघतो, हे लक्षात घ्या.

या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. शहरात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत आणि त्या प्रतिनिधींत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, असं तो म्हणतो. आपल्या नगरपालिकेत अशी समिती आहे का? तिच्यात किती बायका आहेत? त्यांना बैठकीचा निरोप वेळेवर मिळतो का? आता आपला अभ्यास नुसता हालअपेष्टांची यादी राहत नाही. हक्क कागदावर आहे आणि बाजारात पोचत नाही, तर तो मध्ये कुठे अडतो, असा तो प्रश्न होतो. प्रस्तावात ‘महत्त्व’ नावाचा रकाना असतो, त्यात हेच लिहायचं.

मग ‘पूर्वीच्या संशोधनाचा आढावा’. इथं पंचवीस पुस्तकांची नावं ओळीनं लिहायची पद्धत पडली आहे. ती सोडा. कुणी काय शोधलं, कुठे थांबलं आणि आपण तिथून पुढे काय करणार, एवढं दोन पानांत सांगा. आकडे देताना त्यांचं वर्ष द्या. २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे बरेच प्रस्ताव आजही २०११ च्या आकड्यांवर उभे असतात. आकडा वापरा, पण तो किती जुना आहे ते लपवू नका. शिवाय नगरपालिकेच्या बाजार-वसुलीच्या नोंदी, ग्रामीण रुग्णालयाची नोंदवही, माहिती अधिकारात मिळणारे ठराव हेही संदर्भच आहेत. ते गावातच मिळतात आणि दिल्लीच्या ग्रंथालयात मिळत नाहीत.

पद्धतीबद्दल एक गोष्ट आग्रहानं सांगते. चारशे फॉर्म भरले म्हणजे शास्त्रीय आणि साठ जणींशी बोललं म्हणजे कच्चं, असा एक समज आहे. बाजारात किती जणींना सोय मिळते हे मोजायचं असेल तर मोजणी हवी. ती पाणी का पीत नाही हे कळायचं असेल तर तिच्याजवळ बसावं लागतं. फॉर्मवर ‘पाणी पुरेसे पिता का – होय / नाही’ असं छापलं, तर ती ‘होय’ म्हणेल आणि आपण ‘होय’ मोजत बसू. निवड कशी करणार तेही सांगा: स्वतःच्या शेतातलं आणणाऱ्या, व्यापाऱ्याकडून घेऊन विकणाऱ्या, एकट्या बायका, आणि जातीमुळे बाजाराच्या कडेला बसावं लागणाऱ्या. बाजारात कोण कुठे बसतं याचा नकाशा काढला, तर निम्मं समाजशास्त्र तिथंच दिसतं.

यानंतर अंदाजपत्रक. बहुतेक जणी सगळा प्रस्ताव लिहून झाल्यावर शेवटच्या रात्री आकडे भरतात. माझ्या मते प्रस्तावातली सगळ्यात राजकीय पानं तीच आहेत. आपलंच उदाहरण घेऊन हिशोब करू. साठ बायकांशी बोलायचं आहे. बाजारात धंदा न मोडता एक मुलगी दिवसाला सहा जणींची ओळख करून घेईल. दोन मुली असतील तर पाच बाजारांचे दिवस लागतील, म्हणजे पाच आठवडे आणि मजुरीचे दहा दिवस. मोकळी मुलाखत त्यांच्या घरी, त्यांच्या गावी. एसटीनं जाऊन दिवसाला दोन होतील. आडगावी मुलीला एकटी पाठवायची नाही, म्हणून दोघी जाणार. म्हणजे तीस दिवस, मजुरीचे साठ. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला सहा तास लागतात. साठ तासांचे ३६० तास, रोज सहा तास धरले तर आणखी साठ दिवस. एकूण मजुरीचे दिवस झाले १३०. आता अनेक प्रस्ताव पाहा. क्षेत्रकामाला ‘दोन मुली, एक महिना’ लिहिलेलं असतं. उरलेले दिवस कोण भरतं? त्याच मुली, फुकट. बाईच्या बिनपगारी कामावर निबंध लिहायचा आणि तो बाईच्या बिनपगारी कामावरच उभा करायचा, हे आपण तरी करू नये.

तसंच भाजीवालीच्या वेळेचं. तासभर बोलली तर तिचा तेवढ्या वेळाचा धंदा किंवा रोज बुडतो. ती भरपाई क्षेत्रकामाच्या खर्चात कारणासकट लिहा. अनुदान देणाऱ्याच्या नियमात बसत नसेल तर मुलाखतीची वेळ तिच्या सोयीची ठेवा आणि तसं लिहा. मुलींचा प्रवास, एसटी चुकली तर मुक्काम, लहान मूल असलेल्या सर्वेक्षक बाईसाठी पाळणाघर किंवा सोबत, मराठीत छोटी पुस्तिका छापणं आणि शेवटी बाजारातच एक बैठक घेऊन निष्कर्ष वाचून दाखवणं, या सगळ्याला रक्कम लागते. प्रस्तावात जी नसते ती नंतर कुणी देत नाही.

व्यवहाराचं थोडं. पैसे संस्थेच्या खात्यात येतात आणि हप्त्यानं येतात. पुढचा हप्ता प्रगती अहवाल आणि खर्चाचा हिशोब दिल्याशिवाय सुटत नाही. केंद्र सरकारच्या अनुदानाला उपयोगिता प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं, त्याला जीएफआर १२-अ म्हणतात. कार्यालयातल्या लेखनिकाला हा नमुना पहिल्याच दिवशी दाखवा. एका शीर्षाखालचे पैसे दुसऱ्या शीर्षाखाली मनानं वळवता येत नाहीत, आधी लेखी परवानगी लागते. रिक्षाची पावती मिळत नाही, तेव्हा सही-तारखेचा साधा व्हाउचर चालेल का, हे आधी विचारून घ्या. हप्ता उशिरा येतो, हे गृहीत धरून वेळापत्रक आखा. आपला विषय उन्हाळ्याशी जोडलेला आहे. मंजुरी जूनमध्ये आली तर पुढच्या एप्रिलपर्यंत उन्हाळा मिळत नाही. म्हणून महिन्यांची नावं न लिहिता ‘मंजुरीनंतरचा पहिला उन्हाळा, पहिला पावसाळा’ असं लिहिलं तर प्रामाणिकही होतं आणि अडचणही होत नाही.

आता नीतीचा भाग. तो फॉर्मवर एका रकान्यात असतो, आपल्यासाठी तो सगळ्या प्रस्तावात हवा. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वं तयार झाली. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कौटुंबिक हिंसेवरच्या संशोधनासाठी सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा, की बाईची सुरक्षितता आधी, माहिती नंतर. मुलाखत एकांतात हवी. घरात नवरा शिरला तर विषय बदलायचा, हे आधी ठरलेलं हवं. तिला मदत लागली तर कुठे पाठवायचं याचा पत्ता सर्वेक्षक मुलीच्या पिशवीत हवा. आणि मुलींनाही ऐकलेलं सांगून मोकळं व्हायला जागा हवी. पाण्यावर बोलता बोलता बाई मारहाणीवर बोलू लागते, हे तुम्हाला माहीत आहे. संमती म्हणजे अंगठा नव्हे. ‘नाही’ म्हटलं तरी बाजारातली जागा जाणार नाही, हे तिला पटलेलं असलं पाहिजे. म्हणून नगरपालिकेच्या वसुलीवाल्याला बरोबर घेऊन मुलाखती करायच्या नाहीत.

सर्वेक्षक मुलींच्या बाबतीत २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लक्षात ठेवा. कामानिमित्त जिथं जावं लागतं ती जागा आणि तिथवर जायला काम देणाऱ्यानं पुरवलेलं वाहनही त्यात कामाचं ठिकाण धरलं आहे. रोजंदारीवरची, तात्पुरती, मानधनाशिवाय काम करणारी, साऱ्या त्यात येतात. महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीचा फोन नंबर मुलींना कामाच्या पहिल्या दिवशी द्या.

शेवटचा मुद्दा महाविद्यालय आणि संघटना यांच्यातल्या नात्याचा. प्राध्यापक येतात, ओळखी मागतात, बायका गोळा करून द्या म्हणतात आणि पुन्हा दिसत नाहीत, ही संघटनांची तक्रार खरी आहे. संघटना हिशोब ठेवत नाहीत, ही प्राध्यापकांची तक्रारही कधीकधी खरी असते. दोन्हींवर उपाय एकच, आधी लिहून घेणं. प्रश्न कुणी सुचवला, माहितीच्या प्रती कुणाकडे राहतील, नावं कशी येतील, प्रसिद्ध करण्याआधी मसुदा कुणाला दाखवायचा, मतभेद झाला तर काय. एक पान पुरतं. परदेशी निधी असेल तर आणखी सावध राहा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली आलेले पैसे एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाहीत आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. ‘मोठ्या संस्थेनं घ्यायचे आणि आपल्याला वाटून द्यायचे’ ही जुनी पद्धत आता कायद्यात बसत नाही. अशा वेळी महाविद्यालयातली एखादी शिक्षिका प्रमुख संशोधक आणि संघटनेच्या कार्यकर्त्या मानधनावरच्या संशोधक, ही रचना उपयोगी पडू शकते. फक्त ती बरोबरीची असली पाहिजे.

आणि प्रस्ताव परत आला तर? येतो. समितीचे शेरे मिळाले तर शांतपणे वाचा. ‘नमुना अपुरा’ असा शेरा आला तर आपण साठच का घेतल्या याचं कारण नीट लिहिलं होतं का, ते पाहा. ‘विषय शैक्षणिक महत्त्वाचा नाही’ असा आला तर तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवा. बायकांच्या लघवीला शैक्षणिक महत्त्व नाही, असं समजणारे लोक असतात. ते समित्यांवर कायमचे बसून राहत नाहीत.

एक ठोस गोष्ट मागते आणि थांबते. प्रत्येक जिल्ह्यात चार-पाच जणींचा वाचनगट करा. दोन शिक्षिका, दोन कार्यकर्त्या आणि तासिका तत्त्वावरची एक मुलगी. कुणाचाही प्रस्ताव जाण्याआधी या गटानं तो मोठ्यानं वाचायचा. जे वाक्य कार्यकर्तीला कळलं नाही ते बदलायचं. ज्या कामापुढे मजुरी लिहिलेली नाही, तिथं बोट ठेवायचं. आणि ज्या बाईबद्दल तो लिहिला आहे तिला तो वाचून दाखवला तर ती काय म्हणेल, हे विचारून घ्यायचं. जमलं तर खरंच तिला वाचून दाखवायचा. आज दुपारच्या सत्रात पाच गट पाडले आहेत. कोरे फॉर्म टेबलावर आहेत. आपापला प्रश्न घेऊन बसू या.